दिनविशेष : ५ मार्च – बेहिस्तूनचा कडा, नाणेघाटाची भिंत

कीलाक्षर लिपी उलगडणाऱ्यांतले अग्रणी हेन्री रॉलिन्सन यांचे १८९५ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. १८२७ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. पुणे ते पनवेल घोडदौडीची पैज जिंकणारा हा रांगडा गडी पुढे इराणात गेला आणि बेहिस्तूनच्या कड्यावरील सम्राट दारियसच्या लेखाने त्याला झपाटले. मजकूर एक, भाषा तीन : जुनी पर्शियन, एलामी आणि अक्कदीची बाबिलोनी बोली. बाबिलोनी भाग सर्वांत अवघड जागी होता. १८४७ मध्ये रॉलिन्सनसाठी एका कुर्द पोराने कपारीत लाकडी खुंट्या ठोकत, दोराला लोंबकळत त्या भागाचे ओल्या कागदावर ठसे घेतले. कीर्ती रॉलिन्सनची झाली. पोराचे नाव कोणाला ठाऊक नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे ब्राह्मी लिपीचे कोडे सुटत होते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ते सोडवले आणि जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख वाचण्याची वाट मोकळी झाली. हा लेख म्हणजे बराचसा यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेबच : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. त्यातील अंकचिन्हांवर भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये निबंध लिहिला. कीलाक्षरांच्या मायभूमीत, मेसोपोटेमियातही, लेखणी प्रथम चालली ती धान्य आणि गुरे मोजायलाच. जुन्नरच्या लेण्यांत तर यवन, म्हणजे ग्रीक, दातेही भेटतात. इरिल याने पाण्याची टाकी दिली, चिट याने भोजनमंडप. दोन्ही दानांची नोंद अस्सल प्राकृतात आहे.