पावकी, दिडकी, औटकी

येवल्याच्या बाजारात कापड घेताना दुकानदाराला "एक पूर्णांक एक द्वितीयांश मीटर द्या" असे म्हणून पाहा बरे! तो तुमच्या तोंडाकडे बघतच राहील. "दीड मीटर" म्हणा, की लगेच कात्री चालू. शाळेत मुलांना धडकी भरवणारा अपूर्णांक बाजारात मात्र आपल्या जिभेवर घरच्यासारखा नांदतो. हे कसे झाले, ती हकीकत आज पाहू.

हे शब्द फार जुने आहेत. पाव म्हणजे संस्कृतातला पाद, चौथा हिस्सा. पादासहित तो सपाद, त्याचा सवा झाला. पाद उणा तो पादोन, त्याचा पाऊण. अडीच हा अर्धतृतीयाचा वंशज : दोन पुरे आणि तिसरा अर्धा. तसाच अर्धचतुर्थ म्हणजे औट, साडेतीन. नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगीला साडेतीन पीठांतले अर्धे पीठ म्हणतात; म्हणजे अपूर्णांक देव्हाऱ्यातही जाऊन बसला!

चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे त्यात नमूद आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त एका कंजुषाचे उदाहरण येते. त्याने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग दिला. एका द्रम्माच्या कवड्या १२८०. हिशेब करून पाहा : याचकाच्या हाती पडली अवघी एक कवडी! अपूर्णांक न कळणाऱ्याला कसे बनवता येते, हे आचार्यांनी हसतहसत सांगून टाकले.

पुढे पंतोजींच्या शाळेत पोरे दिवेलागणीला परवचा म्हणत. त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढे असत. पाव, अर्धा, पाऊण, एक, सवा, दीड अशी पावकी चढे. लिहिताना एका उभ्या रेघेने पाव, दोहोंनी अर्धा, तिहींनी पाऊण. १॥ म्हणजे दीड. साडेतीन आणे शेर भावाने नऊ शेर जिन्नस घेतला, की औटकीवाला पोरगा चटकन सांगे : साडेएकतीस आणे, म्हणजे एक रुपया साडेपंधरा आणे.

येवले तर पैठणीचे गाव. जरीसारखा मोलाचा माल जिथे तोळ्यामाशांनी तोलायचा, तिथे हे पाढे म्हणजे गंमत नव्हे. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. पाव तोळा म्हणजे तीन मासे, हे ज्याला उमगत नाही, त्याने दुसऱ्याच्या हिशेबावर भरवसा ठेवायचा. दुसरा उपाय काय? आणि ही विद्या सर्वांच्या वाट्याला येत नसे. मुली बहुधा घरीच राहत; अस्पृश्य मानलेल्या मुलांना शाळेत वेगळे बसवीत, नाहीतर घेतच नसत. ज्या डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, त्यांनाही लहानपणी वर्गात वेगळेच बसावे लागले होते.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मागोमाग मीटर आणि किलो आले. गुणाकार-भागाकार सोपे झाले, यात शंका नाही. पण जुन्या रुपयाच्या पया १९२. तिघांत वाटला तर प्रत्येकाला पाच आणे चार पया, बाकी शून्य. शंभर पैशांचे तीन वाटे केले, की एक पैसा उरतोच.

पाढे गेले, हरकत नाही; पण त्यांबरोबर एक सोय गेली. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारले तर पुष्कळ मुले चार मोठे म्हणून चतुर्थांश सांगतात. त्या मुलाला रागावू नका. एक भाकरी तिघांत वाटा, तेवढीच दुसरी चौघांत. वाटेकरी वाढले की वाटा लहान, हे त्याला डोळ्यांनी दिसेल. मग त्याच्याच तोंडचा पाव आणि पाऊण पाटीवर लिहून दाखवा.

पंचवीस पैशांचे नाणे, आपली पावली, जून २०११ अखेर चलनातून गेली. बोलण्यातला पाव मात्र अजून चालतो आहे. तो मुलांच्या हाती खणखणीत देणे एवढे आपण करू या.