हाताला न लागणारा कार्बन

आज एका किरणोत्सारी पदार्थाची गोष्ट, जो मोजायला गेलं की हातावर तुरी देतो.

फेब्रुवारी १९४०, अमेरिकेतलं बर्कली. मार्टिन केमेन नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ रात्र-रात्र जागून सायक्लोट्रॉनमध्ये ग्रॅफाइटवर कणांचा मारा करतोय. शेवटच्या रात्रीनंतर पहाटे घरी निघाला, तर पोलिसांनीच धरला! दाढी वाढलेली, डोळे लाल. एका खुनातला संशयित वाटला म्हणे. सुटला बिचारा. मग त्याचा सहकारी सॅम रुबेन तो नमुना घेऊन मोजणीला बसला आणि २७ फेब्रुवारीला खात्री पटली: कार्बन-१४ सापडला.

आता अडचण बघा. कोबाल्ट-६० गॅमा किरण सोडतो, ते पत्र्यातूनही आरपार येतात. कार्बन-१४ सोडतो फक्त बीटा कण, तेही मरतुकडे. हवेत फार तर वीतभर जातात. साध्या गायगर काउंटरच्या भिंतीतच अडकतात. म्हणून रुबेनने नमुना काउंटरच्या आतल्या बाजूलाच लावला. ही रचना त्याचे गुरू विलर्ड लिबी यांची.

लिबी पुढे शिकागोला गेले. त्यांना निसर्गातला कार्बन-१४ मोजायचा होता. सजीवातल्या एक ग्रॅम कार्बनमधून मिनिटाला जेमतेम १४-१५ कण सुटतात. आणि काउंटर? नमुना नसतानाच टकटक करतोय, कारण वरून वैश्विक किरण कोसळतायत. ८ इंच जाड लोखंडाचं कवच घातलं, तरी मिनिटाला शंभरेक टकटक उरलीच. मग त्यांनी मधल्या काउंटरभोवती दुसऱ्या काउंटरांचं कडं केलं. कडं आणि मधला एकदम वाजले, तर तो वरून आलेला आगंतुक, मोजायचा नाही. मधला एकटा वाजला तरच मोजायचा. आकडा ५ च्या आसपास आला! लिबींना १९६० चं नोबेल मिळालं ते कार्बन-१४ वरून वय ठरवण्याच्या पद्धतीसाठी, पण मला विचाराल तर खरी कमाल या कड्याची.

हे सगळं सांगायचं कारण अणुभट्ट्यांचा कचरा. ब्रिटनच्या भट्ट्यांमध्ये न्यूट्रॉन मंद करायला ग्रॅफाइट वापरलं. आता ते सुमारे १ लाख टन ग्रॅफाइट सांभाळायचंय. त्यात राहिलेल्या नायट्रोजनवर आणि खुद्द कार्बनवर न्यूट्रॉन आदळून कार्बन-१४ तयार झालाय. बाहेरून यंत्र धरलं की कोबाल्ट-६० दिसतो, हा नाही. आणि दिसणारा कोबाल्ट दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, शंभर वर्षांत जवळपास संपतो. न दिसणाऱ्याला निम्मं व्हायला ५,७३० वर्षं लागतात. शिवाय तो कार्बन, म्हणजे झाडात, अन्नात, आपल्यात मिसळणारा. कचरा कुठे आणि किती खोल पुरायचा, हे त्याच्या आकड्यावरही ठरतं.

मग मोजतात कसा? तुकडा ऑक्सिजनमध्ये जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड द्रवात पकडायचा, त्यात चमकणारं रसायन मिसळायचं. कण सुटला की बारीकशी चमक. दोन फोटोमल्टिप्लायर नळ्या त्यावर डोळा ठेवून असतात. एकट्या नळीला अधूनमधून भास होतो, म्हणून दोघींना एकदम दिसली तरच चमक खरी. लिबींच्या बरोबर उलट, बरं का!

सगळा कचरा काही जाळता येत नाही. म्हणून नमुन्यांवरून कोबाल्ट आणि कार्बन यांचं गुणोत्तर काढतात आणि बाकीच्याचा अंदाज बांधतात. पण कोबाल्ट-६० येतो ग्रॅफाइटमधल्या कोबाल्टच्या अशुद्धीतून आणि कार्बन-१४ बराचसा नायट्रोजनमधून. दोन्हींचं प्रमाण विटेगणिक बदलतं. त्यामुळे भट्टी बदलली की पुन्हा तुकडे काढा, पुन्हा जाळा.