आतून खाल्लेला टायर

टायरवाल्याच्या दुकानात गाडी जॅकवर चढते, चाक निघतं आणि जमिनीवर आडवं पडतं. बाहेरच्या बाजूने टायर ठीक दिसत असतो. खाचा खोल, रबर काळंभोर. मग दुकानातला पोरगा चाक उलटं करतो आणि आतल्या कडेवरून बोट फिरवतो. तिथे रबर गुळगुळीत झालेलं असतं, कधी तर आतल्या तारा बाहेर डोकावत असतात. ‘आतून खाल्लाय,’ तो म्हणतो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘गाडी खाली केलीय का?’

गाडी खाली करणं म्हणजे स्प्रिंग कापून किंवा आखूड स्प्रिंग घालून गाडीचं धूड रस्त्याजवळ आणणं. कुणाला हा पोरकट नाद वाटतो, कुणाला कला. पण या नादाला किमान सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यात एका समाजाचा रस्त्यावरचा हक्क आहे, पोलिसांची मोजपट्टी आहे, विमानांच्या भंगारातले पंप आहेत. आणि या सगळ्यात बोलता न येणारा एक साक्षीदार आहे, टायर. गाडीवर काय केलं गेलं याची नोंद तो स्वतःच्या अंगावर ठेवतो.

सरळ चाक सरळ का नसतं

चाक जमिनीला काटकोनात उभं असावं आणि नाकासमोर पाहत असावं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते तसं फारसं कधीच नव्हतं. युरोपातल्या घोडागाड्यांची लाकडी चाकं बशीसारखी खोलगट बनवत आणि आसाची टोकं किंचित खाली वाकवत. त्यामुळे चाकाचा माथा बाहेर झुके, पण भार पेलणारा खालचा आरा मात्र उभा राही. सुरुवातीच्या मोटारींनी हा बाहेरचा झुकाव वारशात घेतला. या झुकावालाच कॅम्बर म्हणतात. माथा बाहेर असेल तर धन, आत असेल तर ऋण.

दुसरा कोन वळणाचा. गाडी वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या वर्तुळावर. दोन्ही चाकं सारखीच वळवली तर एक तरी घासत जाणार. यावर म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या गाडीकाराने घोडागाडीसाठी तोडगा काढला. लंडनमधल्या रुडॉल्फ अकरमानने त्याच्या वतीने १८१८ मध्ये पेटंट घेतलं. जगाने नाव लक्षात ठेवलं ते अकरमानचं. आजही या रचनेला अकरमान भूमितीच म्हणतात.

तिसरा कोन टो. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांकडे पाहत असतील तर टो-इन, एकमेकांकडे पाठ फिरवत असतील तर टो-आउट. दुकानातल्या अलाइनमेंटच्या पडद्यावर हिरवे-लाल आकडे दिसतात, ते मुख्यतः या कोनांचे. कॅस्टर नावाचा आणखी एक कोन असतो, पण टायर झिजण्यात त्याचा हात कमी.

हे कोन गाडीच्या उंचीशी बांधलेले असतात. कारखान्यात ते ठरवले जातात तेव्हा गाडी ठरावीक उंचीवर उभी आहे, हे गृहीत असतं. ती उंची बदलली की बाकीचा हिशेब आपोआप बदलतो. गाडी खाली करण्याच्या इतिहासातली तांत्रिक गंमत इथेच आहे.

कॅलिफोर्निया : दोन प्रकारचं खाली

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत. तरुण पोरं त्यांची हॉट रॉड करत, म्हणजे हलक्या आणि वेगवान गाड्या. या गाड्यांना पुढे एकच सलग आस असे. गाडी खाली करायची तर मधला भाग तसाच ठेवून टोकं वर उचललेला आस बसवायचा. सलग आसाचा फायदा असा की गाडी कितीही खाली आली तरी दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली असल्याने त्यांचा झुकाव बदलत नाही.

मग कारखान्यांनीच रचना बदलली. शेवरोलेने १९३४ मध्ये पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणलं. फोर्डने मात्र सलग आस १९४९ च्या मॉडेलपर्यंत सोडला नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर झोके घेतं. प्रवास सुखाचा होतो, पण चाक वरखाली होताना त्याचा कोनही बदलतो. १९४९ नंतरच्या मर्क्युरीची किंवा शेवरोलेची पुढची स्प्रिंग कापली की फक्त उंची कापली जात नव्हती, कोनही हलत होते.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी हॉट रॉडच्या उलट वाट धरली. वेग नको, संथपणा हवा. गाडी जमिनीलगत, रंग आरशासारखा, आणि शनिवार-रविवारी व्हिटियर बुलेवार्डवर सावकाश फेरी. कुणी स्प्रिंग कापत, कुणी त्या तापवून दाबत, कुणी डिकीत वाळूची पोती टाकून मागचा भाग खाली आणत. ज्या शहरात या समाजाला दुय्यम वागणूक मिळे, त्याच शहरातल्या मोठ्या रस्त्यावरून आपण बांधलेली गाडी घेऊन हळू जायचं आणि लोकांना पाहायला लावायचं. लोरायडर या शब्दामागे हा सगळा ऐवज आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २४००८ आलं. गाडीत असा बदल करता येणार नाही, की चाकांव्यतिरिक्त तिचा कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली येईल, असं ते सांगत होतं. यामागे सुरक्षेचं कारण दाखवता येतं. टायर फुटला तर गाडी रिमवर बसते. त्या वेळी स्टिअरिंगचा दांडा किंवा पेट्रोलची टाकी रस्त्यावर घासली तर काय होईल, हे सांगायला नको. कलमात कुठल्या समाजाचं नाव नव्हतं. पण रस्त्यावर कुणाला थांबवायचं हे कलम ठरवत नाही, पोलीस ठरवतो. लोरायडर चालवणाऱ्यांच्या आठवणींत ही मोजपट्टी वारंवार येते, ती त्यांना थांबवायचं निमित्त म्हणून.

खटका दाबला की कायदेशीर

यावरचं उत्तर रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्वेट गाडीत बसवलं. विमानांमधले जुने हायड्रॉलिक पंप आणि झडपा त्याने सस्पेन्शनला जोडल्या. खटका दाबला की गाडी वर, पुन्हा दाबला की खाली. ‘एक्स-सॉनिक’ नावाची ही गाडी १९५० च्या दशकाच्या शेवटी गाजली. पोलीस दिसला की उंची कायदेशीर, तो गेला की गाडी पुन्हा जमिनीलगत. पुढे शेवरोले इम्पालामध्ये हीच युक्ती इतकी रुजली, की गाडी उड्या मारणं हाच वेगळा खेळ झाला.

अलाइनमेंटच्या अंगाने मात्र हायड्रॉलिकने एक अवघड प्रश्न उभा केला. ज्या गाडीची उंचीच ठरलेली नाही, तिचे कोन कोणत्या उंचीला लावायचे? उत्तर व्यवहारी आहे. गाडी ज्या उंचीवर सर्वांत जास्त चालते, त्या उंचीला. बाकीच्या उंचीवर ती मिरवायची, पण लांब पळवायची नाही. गाडी हळू चालवण्याच्या परंपरेचा इथे उपयोगही होता. ताशी वीस-तीस किलोमीटरने दोन-चार मैल जाणाऱ्या टायरला थोडे चुकलेले कोन सहन होतात. हीच गाडी रोज महामार्गावरून कामाला न्यायची ठरवली की टायर तक्रार करू लागतो.

सतरा मीटर

टायर आतून झिजला की बहुतेक जण कॅम्बरला दोष देतात. दोष आहेच, पण अर्धाच.

गाडी खाली आली की बहुतेक स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये, निदान पहिल्या काही सेंटीमीटरांत, चाकाचा माथा आत झुकतो. भार आतल्या कडेवर सरकतो. शिवाय तिरकं चाक शंकूसारखं वागतं. टेबलावर नाणं तिरकं सोडून पाहा. ते सरळ जात नाही, कललेल्या बाजूला वळतं. तिरक्या चाकालाही तसंच वळायचं असतं, पण गाडी त्याला सरळ ओढत नेते. या ओढाताणीत रबर झिजतं, मात्र ही झीज हळूहळू होते.

टोचं गणित जास्त निर्दय आहे. स्टिअरिंगचा दांडा आणि सस्पेन्शनचे दांडे वेगवेगळ्या लांबीचे असल्यामुळे वेगवेगळ्या कमानींवर फिरतात. म्हणून उंची बदलली की चाकाची दिशाही बदलते. कोणत्या बाजूला, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून. समजा एक चाक नाकासमोरच्या रेषेपासून फक्त एक अंश वळलेलं आहे. डोळ्यांना हे दिसणारही नाही. पण गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा ते चाक जवळजवळ साडेसतरा मीटर आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरमागे हे घासणं १७५ किलोमीटर भरतं, म्हणजे मुंबई ते पुणे या वाटेहूनही जास्त अंतर टायर आडवा फरफटत गेला. आत झुकलेल्या चाकाला असा टो-आउट मिळाला की सगळी फरफट आतल्या कडेवर येते, आणि तीच कड उभ्या माणसाला दिसत नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंतच्या होंडा सिव्हिक खाली करणाऱ्या जगभरच्या पोरांनी हा धडा आपल्या खिशातून शिकला. या गाड्यांच्या पुढे-मागे दुहेरी दांड्यांचं सस्पेन्शन होतं आणि खाली केल्यावर चाकांचा झुकाव डोळ्यांत भरे. झुकाव सरळ करणारे सुटे भाग त्यांनी विकत घेतले, आणि टो तसाच सोडलेल्यांचे टायर तरीही गेले.

जपान : झुकाव हीच शोभा

जपानमध्ये खाली केलेल्या गाडीला ‘शाकोतान’ म्हणतात, अर्थ सरळ : उंची कमी. १९७० च्या दशकात फुजीच्या शर्यतींवर भाळलेली तरुण मंडळी रेसगाड्यांसारख्या रुंद चाकांच्या गाड्या रस्त्यावर आणू लागली. तिथल्या वाहन तपासणीत गाडीचं पोट जमिनीपासून नऊ सेंटीमीटर तरी वर असावं लागतं, आणि टायरचा वरचा भाग मडगार्डच्या बाहेर आलेला चालत नाही. रुंद चाक मडगार्डखाली कसं बसवायचं? माथा आत झुकवून. म्हणजे गरजेतून आलेला झुकाव पुढे हौशीचा झाला, आणि इतका वाढला की त्याला ‘ओनिक्यान’, राक्षसी कॅम्बर, असं नाव पडलं. अशा गाडीचा टायर रस्त्याला हाताच्या तळव्याने नव्हे, कडेने टेकतो. ब्रेक लावताना आणि पावसात तेवढीच पकड हाताशी असते.

शर्यतीतही चाकं आत झुकवतात, पण तिथलं कारण वेगळं. वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसावं, म्हणून. तिथेही किंमत मोजावी लागतेच. २०११ च्या बेल्जियम ग्रां प्रीमध्ये रेड बुल संघाने पिरेली कंपनीने सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कॅम्बर ठेवला होता. पात्रता फेरीतच पुढच्या टायरांवर फोड आले. नवे टायर लावायची परवानगी मिळाली नाही. दोन्ही चालकांनी सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच टायर बदलून घेतले, आणि तरी सेबास्टियन फेटेलने शर्यत जिंकली. पण त्यांच्याकडे दर काही मिनिटांनी टायर तपासायला अख्खा संघ उभा होता.

कायदा काय मोजतो

२०१७ मध्ये ‘जिप्सी रोझ’ ही फुलांच्या नक्षीची गुलाबी इम्पाला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवली गेली. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने नवा कायदा केला. रस्त्यावर संथ फेऱ्या मारण्यावर बंदी घालण्याचे शहरांचे अधिकार गेले, आणि गाडी खाली करण्यावरचं जुनं बंधनही. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. ज्यांना या रस्त्यांवरून हटकलं गेलं होतं, त्यांच्यातले अनेक तोवर आजोबा झाले होते.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन ठळकपणे अधोरेखित केलं. त्यातून आपले गतिरोधक आणि खड्डे असे, की खाली केलेल्या गाडीचा न्याय पहिल्या पावसातच होतो.

पण कॅलिफोर्नियाच्या कथेत एक गोष्ट लक्षात राहते. साठ-पासष्ट वर्षं पोलिसाने गाडीची उंची मोजली, कारण ती बाहेरून दिसते. खरा धोका बराचसा आतल्या कडेला होता, आणि तो पाहायला कुणी वाकलं नाही. ज्यांनी गाड्या बांधल्या तेच हळूहळू वाकायला शिकले, कारण महामार्गावर टायर फुटला तर आत बसलेलं माणूस त्यांच्याच घरचं असणार होतं.

गाडी खाली केलेली असो वा नसो, एक काम फुकटात करता येतं. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा आणि इंजिन बंद करा. पुढच्या चाकाची आतली कड दिसू लागेल. टायरच्या खाचांत १.६ मिलीमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. आतल्या कडेचं रबर त्यांच्या पातळीला आलं असेल तर बाहेरून टायर कितीही नवा दिसो, त्याचं आयुष्य संपलंय. आणि नवा टायर घालण्याआधी अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर तोही त्याच बाजूने खाल्ला जाईल.