टाळ वाजवणं सोपं, थांबवणं अवघड

मागच्या काही भागांत आपण किल्ले पाहिले, ताम्रपट पाहिले, लढाया पाहिल्या. आजच्या भागात एकही लढाई नाही. आज टाळ. हो, तेच भजनातले, दोरीने बांधलेल्या दोन वाट्या. प्रश्न एवढाच आहे की वीस-पंचवीस माणसं एकाच वेळी टाळ वाजवतात, तेव्हा त्याचं संगीत कधी होतं आणि नुसता गोंगाट कधी होतो? आणि हा फरक शिकवता येतो का?

मी मूळचा आखाडा बाळापूरचा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे सप्ताह बसला की प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी टाळ घेऊन उभं राहतं. शिकवणी नसते, परीक्षा नसते. पोराच्या हातात टाळ देतात आणि सांगतात, 'बाजूच्याचं बघ अन् वाजव.' हल्ली मात्र गायकापुढे माइक आला, मागे मोठे स्पीकर आले. टाळकऱ्यांना वाटतं आपला आवाज कमी पडतोय, म्हणून ते जोर लावतात. मग स्पीकर वाढतो. मग टाळ वाढतात. शेवटी अभंगातला शब्द कुणालाच कळत नाही. भजन संपतं, पण काय म्हटलं हे विचारलं तर पोरांना सांगता येत नाही.

टाळांच्या आवाजाची तक्रार आमच्या जिल्ह्याला नवी नाही म्हणा. संत नामदेवांचं जन्मगाव परंपरेनं आमच्याच जिल्ह्यातलं नर्सी, जन्म 1270 सालचा. त्यांची औंढा नागनाथची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. कीर्तनाने पूजेत अडथळा येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितलं. ते मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. गोष्ट भक्तीची आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते. सामूहिक गाणं-वाजवणं कुणाला तरी मोठा आवाज वाटणार, हे लोकांना तेव्हापासून ठाऊक आहे.

आता थोडं लांब जाऊ, इंग्लंडला. तिथे हातात धरून वाजवायच्या घंटांचा एक प्रकार आहे, हँडबेल. एका माणसाकडे एक किंवा दोन घंटा, प्रत्येक घंटेचा एकच स्वर. म्हणजे 'सा' माझ्याकडे, 'रे' तुमच्याकडे, 'ग' तिसऱ्याकडे. गाणं कुणा एकाच्या हातात नाहीच, ते सगळ्यांत वाटलेलं असतं.

गंमत म्हणजे या घंटा सुरुवातीला गाण्यासाठी नव्हत्याच. चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा ठरावीक क्रम बदलत वाजवायचा तिथे छंद होता. 1668 मध्ये त्यावर पुस्तकही आलं. हा सगळा क्रमपर्यायांचा खेळ. सात घंटा असतील तर 5040 वेगवेगळे क्रम होतात आणि एकही क्रम परत येता कामा नये. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून आनंद होतो, कारण हा चक्क अल्गोरिदम आहे. पण 5040 क्रम मनोऱ्यात वाजवायला तीनेक तास लागतात. सराव कुठे करणार? म्हणून छोट्या घंटा आल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्टशायर परगण्यातल्या ऑल्डबोर्न गावच्या कॉर बंधूंचं नाव या कामात घेतलं जातं. थंडीत, घरात बसून, गावाला त्रास न देता सराव.

म्हणजे पहिलं काम मोजण्याचं. आपला नंबर आला की वाजवा. पुढे एकोणिसाव्या शतकात लोक यावर गाण्यांच्या चाली वाजवू लागले आणि तिथे अडचण कळली. घंटा वाजवली की ती वाजतच राहते. पुढचा स्वर येतो, मागचा विरत नाही, सगळा चिखल होतो. मग वादक घंटा छातीला किंवा खांद्याला टेकवून तिचा नाद बंद करायला शिकले. आजही हँडबेल शिकवणारे नवशिक्यांकडून हेच घोटून घेतात: तुझा स्वर कधी सुरू होतो हे तुला कळलं, आता तो कधी संपतो ते शिक. आणि बाजूच्याचा स्वर ऐकल्याशिवाय तुझा किती मोठा हवा हे तुला कळणार नाही. 1902 साली मार्गारेट शर्क्लिफ या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल कारखान्यातल्या घंटा बॉस्टनला नेल्या आणि तिथून अमेरिकेत ही मंडळं पसरली. 1954 मध्ये त्यांची देशपातळीवरची संघटना झाली. तो व्हाइटचॅपलचा कारखाना 2017 मध्ये बंद पडला, पण शिकवणं चालू आहे.

आता परत टाळांकडे या. टाळाची धातूही घंटेच्या जवळची. चांगलं कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. हल्ली पितळेचे टाळ जास्त मिळतात, तो भाग वेगळा. दोन्ही वाट्या तंतोतंत समोरासमोर आपटल्या तर मधली हवा कोंडते आणि आवाज दबतो. कडा जराशी सरकवून लावली की नाद मोकळा सुटतो. आणि आघातानंतर वाट्या एकमेकींना टेकवून धरल्या की नाद तिथेच थांबतो. उघडा टाळ आणि बंद टाळ. हँडबेलवाल्यांना जे खांद्याने करावं लागतं, ते आपल्याकडे मनगटात आहे.

पण एक मोठा फरक आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. हँडबेल वाजवणारा गात नाही. टाळकरी गातो. गायकाने चरण म्हटला की धृपद धरायचं काम टाळकऱ्यांचं. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असते ती याचसाठी. ज्याला पुढच्या क्षणी शब्द उचलायचा आहे, त्याला आधीचा शब्द ऐकू आलाच पाहिजे. टाळकरी आधी ऐकणारा आहे, मग वाजवणारा.

याला इतिहासातला सगळ्यात मोठा दाखला तुकोबांच्या टाळकऱ्यांचा. परंपरा त्यांची संख्या चौदा सांगते. त्यात चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ ही दोन नावं येतात. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते हेच. जरा विचार करा. जे हातात टाळ घेऊन उभे होते, त्यांनीच शब्द टिपले. त्यांच्या टाळांनी शब्द बुडवले असते तर वहीत काय उतरलं असतं?

पुढे 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला शिस्त लावली. दिंडीची रचना बघा: पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात वीणेकरी आणि मृदंग. पाय आणि टाळ एकत्र पडतात. लय पळायला लागली तर पावलीच चुकते, म्हणून लय आपोआप ताब्यात राहते. सप्ताहात उभ्या उभ्या लय कशी चढत जाते हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना यातली सोय लगेच कळेल.

आणि माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती. मुक्कामी सगळ्या दिंड्या एकत्र जमतात, शेकडो टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि सगळं शांत होतं. एका दिंडीचे टाळ मात्र वाजत राहिले, तर त्याचा अर्थ ठरलेला आहे: या दिंडीची काहीतरी तक्रार आहे. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, मग ते टाळ थांबतात. ही पद्धत चालते कशी? बाकीचे सगळे थांबू शकतात म्हणून. थांबणं जमतं, म्हणूनच वाजत राहण्याला अर्थ येतो.

शिकवण्याचं काम संस्था म्हणून उभं राहिलं ते 1917 मध्ये. विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकलेली मंडळी गावोगाव गेली, मराठवाड्यातही आली. पण टाळ अजूनही बहुतेक गावांत 'बाजूच्याचं बघ' असाच शिकवला जातो. त्यात वाईट काही नाही. फक्त 'बघ' च्या जागी 'ऐक' म्हणायची गरज आहे.

आमच्या गावातल्या एका बुवांनी पोरांना असं शिकवताना मी पाहिलंय. माइक बंद. पहिले तीन दिवस टाळ नाहीतच, नुसत्या टाळ्या आणि अभंग पाठ. मग टाळ दिले, पण नियम घातला: चरण चालू असताना टाळ बंद ठेवून हलका, आणि धृपद आपल्याकडे आलं की उघडा. आठ मात्रांचा भजनी ठेका सगळ्यांना येतच होता, त्यावर एक शब्द खर्च केला नाही. मध्येच ते गाणं थांबवायचे आणि कुणालाही विचारायचे, 'आत्ता मी काय म्हणलो?' सांगता आलं नाही तर त्या पोराचा टाळ शेजारच्याकडे. चौथ्या-पाचव्या दिवशी पोरं आपसूक हळू वाजवायला लागली. गजराला मात्र त्यांनी असा टाळ उघडला की बाहेर ओट्यावर बसलेली माणसं उठून आत आली.

तुमच्या गावात, सोसायटीत, गणपतीत भजन असेल तर हे करून बघा. एक दिवस स्पीकर बंद ठेवा आणि 'आत्ता काय म्हटलं' हे विचारा. काय झालं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात आपण मृदंगाकडे जाऊ, म्हणजे शाई आणि कणकेच्या गोष्टीकडे. तोवर रामकृष्णहरी.