मेकाँगच्या मुखप्रदेशातील तरंगते बाजार : एक ऐतिहासिक विवेचन

दक्षिण व्हिएतनाममध्ये मेकाँग नदी अनेक मुखांनी समुद्रास मिळते. तिच्या त्रिभुज प्रदेशात प्रवासी येतो तो मुख्यतः पहाटे नावांवर भरणारे बाजार आणि पाणथळीतील वने व पक्षी पाहावयास. हे सारे नदीइतकेच पुरातन व निसर्गसिद्ध आहे, असा सर्वसाधारण समज असतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. हे बाजार नदीचे खरेच. परंतु त्याहून अधिक ते कालव्यांचे आहेत, आणि कालवे हे राज्यसत्तेचे कार्य होय.

या भूमीतील व्यापार प्राचीन आहे, हे निर्विवाद. १९४४ साली लुई मालेरे यांनी हाती घेतलेल्या ओक एओ येथील संशोधनात रोमन सम्राट अँटोनिनस पायस याच्या नावाचे सुवर्णपदक व ब्राह्मी अक्षरांच्या मुद्रा उजेडात आल्या. तथापि ते बंदर पुढे ओसाड पडले. आजच्या बाजारांशी त्याचा अखंड संबंध जोडता येत नाही. ख्मेर वस्तीच्या या प्रदेशात सतराव्या शतकात न्गुएन सत्ता पसरली, व्हिएतनामी व चिनी वसाहतकार आले. १८१९ ते १८२४ या काळात चाउ दोकपासून हा तिएनपर्यंत विन्ह ते कालवा खणला गेला. त्यासाठी हजारो व्हिएतनामी व ख्मेर मजूर वेठीस धरले गेले व कित्येक प्राणास मुकले. फ्रेंच अमदानीत गाळ उपसणारी वाफेची यंत्रे आली. १९०१ ते १९०३ मध्ये सा नो कालवा झाला. निर्यातीचा तांदूळ सायगावास पोचविणे हा यामागील हेतू होता. अनेक कालवे जेथे एकत्र येतात त्या फुंग हिएप येथे विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा बाजार उभा राहिला, तो याच व्यवस्थेचे फलित होय.

बाजाराची रीतही या व्यवसायातूनच घडली. नावेवर उभारलेल्या उंच बांबूस अननस, भोपळा किंवा रताळे टांगले की आत काय विकावयाचे आहे ते दुरून कळते. बांबूस झावळी बांधली असेल तर नावच विक्रीस आहे असे समजावे. मोठ्या नावांवरून घाऊक माल लहान होड्यांत उतरे व तेथून गावोगाव जाई.

पाणथळीचीही कथा अशीच आहे. त्राम चिम येथे १९९८ साली राष्ट्रीय उद्यान झाले व २०१२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु वणव्याच्या भीतीने तेथे वर्षभर पाणी अडवून ठेवल्याने गवताळ भूमी बदलली आणि सारस पक्षी दुर्मिळ झाले. येथील निसर्गही मनुष्याच्या जलव्यवस्थेवर अवलंबून आहे.

२००० साली मी थुआन पूल व २०१० साली कांथो पूल वाहतुकीस खुला झाला, आणि माल मालमोटारींतून जाऊ लागला. फुंग हिएपचा बाजार २००२ साली जलवाहतुकीच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव हलविण्यात आला. कांथोजवळील काइ रांग बाजारास २०१६ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाचा मान मिळाला. तोवर तेथील व्यापारी नावांची संख्या घटू लागली होती. हा मान बाजार भरभराटीस असताना मिळाला नाही, त्याचे प्रयोजन ओसरू लागल्यावर मिळाला, हे लक्षणीय आहे. जलमार्ग स्वस्त व सोयीचा होता म्हणून हा बाजार भरला. तो टिकवावयाचा तर नावा राखून भागणार नाही. घाऊक व्यापाऱ्यास पाण्यावर येण्याचे कारण उरले पाहिजे. अन्यथा प्रवाशांच्या होड्या फिरत राहतील, परंतु बाजार राहणार नाही.