गाविलगडची तोफांची वाट

आमच्या राळेगावाहून निघालेला प्रवासी अमरावती, परतवाडा मागें टाकून चिखलदऱ्याचा घाट चढूं लागला कीं, खोल दऱ्या आणि मेळघाटचें सागवान पाहून तो वाटेचे श्रम विसरतो. वाघ पाहण्याच्या उत्सुकतेनें आलेले पुष्कळजण गाविलगड धांवत्या पावलींच पाहतात. मला मात्र तेथें १८०३ सालच्या तोफा आठवतात.

त्या वर्षीं २९ नोव्हेंबरला अडगाव येथें भोसल्यांचा मोड झाला आणि वेलस्ली गाविलगडावर चालून आला. दक्षिणेचे कडे दुर्लंघ्य. म्हणून स्टीव्हन्सनची फौज एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, डोंगरांत शिरून गडाच्या उत्तरेस गेली. ७ ते १२ डिसेंबर हे लोक आधीं रस्ता करीत आणि मग त्यावरून अवजड तोफा हातांनीं ओढीत. निजामाकडील तैनाती फौज ती; त्या हातांत पुष्कळसे आपल्याच देशबांधवांचे होते!

१५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढतांना कामास आला. दोनच दिवसांनीं देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेच्या मुलुखावरील भोसल्यांचा हक्क निजामाकडे गेला. त्यांत आमचा राळेगावचा प्रदेशहि आला. गाविलगड मात्र त्याच तहानें भोसल्यांना परत मिळाला.