मान्याना : सकाळ की उद्या?

अमेरिकेत इंग्रजीच्या खालोखाल कानावर पडते ती स्पॅनिश. मुले ती शाळेत रीतसर शिकतात. आपण मोठी माणसे मात्र ऐकून ऐकून चार शब्द उचलतो. 'मान्याना' हा त्यातलाच एक. त्याचे दोन अर्थ, दोन्ही रोजच्या वापरातले. आमच्या घरी त्यावरून औषधाचा घोटाळा झाला, म्हणून ही माहिती सर्वांसाठी देत आहोत.

आमच्या आई भारतातून आल्या होत्या. आम्ही दोघे कामावर गेलो की त्यांच्याजवळ एक मेक्सिकन बाई येत. आम्ही त्यांना मावशीच म्हणायचो. आईंची रक्तदाबाची गोळी सकाळी द्यायची, म्हणून आम्ही फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'निळी गोळी : मान्याना'. मावशींनी ती वाचली, 'निळी गोळी : उद्या'. दुसऱ्या दिवशीही चिठ्ठी 'उद्या'च म्हणत होती! दोन दिवस गोळी चुकली. सुदैवाने आईंना काही त्रास झाला नाही, पण आम्ही चांगलेच हादरलो.

उच्चार

या शब्दाच्या मधल्या 'एन' अक्षरावर नागमोडी रेघ असते. ते स्पॅनिशमध्ये वेगळे अक्षर आहे. त्याचा उच्चार म्हणजे आपला 'च छ ज झ ञ' मधला ञ! शाळेत घोकलेले आणि पुढे क्वचितच लागलेले हे अक्षर इथे उपयोगी पडते. लिहिताना ती रेघ विसरू नये. 'आन्यो' म्हणजे वर्ष. त्यावरची रेघ गाळली तर शरीराच्या भलत्याच भागाचे नाव होते.

अर्थ

१. ला मान्याना : सकाळ. हे स्त्रीलिंगी नाम आहे, आपल्या 'सकाळ'सारखेच. 'पोर ला मान्याना' म्हणजे सकाळी, 'एस्ता मान्याना' म्हणजे आज सकाळी, 'तोदास लास मान्यानास' म्हणजे रोज सकाळी.

२. मान्याना : उद्या. इथे मागे 'ला' नसतो. 'आस्ता मान्याना' म्हणजे उद्या भेटू.

३. एल मान्याना : उद्याचा काळ, भविष्य. हे पुल्लिंगी आहे, बोलण्यात कमी येते.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सकाळी' असा आहे. 'उद्या' हा अर्थ त्यातूनच पुढे आला. दोन्ही एकत्र हवे असतील तर शब्द दोनदा येतो. 'मान्याना पोर ला मान्याना' म्हणजे उद्या सकाळी.

वापरताना

वेळ सांगताना 'दे ला मान्याना' जोडतात. 'लास ओचो दे ला मान्याना' म्हणजे सकाळचे आठ. पण आपण ज्याला रात्रीचा एक म्हणतो, तोही बरेच जण 'ला उना दे ला मान्याना' असाच सांगतात. कुणाला विमानतळावर आणायला जायचे असेल तर हे लक्षात ठेवावे.

'पासादो मान्याना' म्हणजे येणारा परवा. आपला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. स्पॅनिशमध्ये गेलेल्या परवाला 'आन्तेआयेर' हा वेगळा शब्द आहे.

मेक्सिकोत वाढदिवसाला म्हणतात त्या गाण्याचे नाव 'लास मान्यानितास', तेही याच शब्दापासून.

इंग्रजीत 'मान्याना' म्हणजे 'होईल कधीतरी' असा एक चेष्टेचा अर्थ रूढ झाला आहे. तो मनात धरून समोरच्याला आळशी ठरवू नये. शंका असेल तर 'आ के ओरा?', म्हणजे किती वाजता, असे सरळ विचारावे.

आपल्या किराणा दुकानातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आठवते ना? स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या दुकानांतही तीच पाटी असते, 'ओय नो से फीया, मान्याना सी'. आज उधारी नाही, उद्या हो! पाटीवरचा उद्या कधी उजाडत नाही. आमच्या फ्रिजवरही नकळत तीच पाटी लागली होती.

आता तिथे दुसरी चिठ्ठी आहे, 'तोदास लास मान्यानास, आ लास ओचो'. रोज सकाळी, आठ वाजता. ती मावशींनीच लिहून दिली. तुमच्याकडेही अशी चिठ्ठी असेल तर आजच पाहून घ्या, मान्याना नको!